आडनावाचे पान : आंतरजालावरील विश्वकोशातील ‘जोशी’ नोंदींची मांडणी

मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील चरित्रनोंदी आडनाव आधी व नाव नंतर अशा वर्णक्रमाने येत असल्यामुळे सर्व जोशी एकापाठोपाठ भेटतात. त्यांची वेगळी यादी करावी लागत नाही. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात लेखाचे शीर्षक ‘लक्ष्मणशास्त्री जोशी’ असे, बोलण्यातील क्रमाने असते. त्यामुळे विखुरलेल्या नोंदी एकत्र आणण्याचे काम आडनावाच्या स्वतंत्र पानावर येऊन पडते, आणि संपादनाचे खरे प्रश्न तेथेच उद्भवतात.

असे पान शब्दाविषयी असावे की व्यक्तींविषयी? ‘ज्योतिषी’वरून झालेली ‘जोशी’ या शब्दाची घडण, गावगाड्यातील जोशाचे काम ही शब्दाची माहिती होय. यादीचे प्रयोजन मात्र वाचकाला नेमक्या लेखाकडे नेणे एवढेच आहे. या दोहोंची सरमिसळ झाली की व्युत्पत्तीच्या परिच्छेदातील विधान यादीतील प्रत्येक व्यक्तीला नकळत चिकटते. ‘जोशी हे ब्राह्मणांचे आडनाव आहे’ हे वाक्य सहज लिहिले जाईल. पण महाराष्ट्रातील भटक्या जमातींत कुडमुडे जोशीही आहेत, याची दखल त्यात नाही. उमाशंकर जोशी गुजराती कवी, इलाचंद्र जोशी अल्मोड्याचे हिंदी कादंबरीकार, भीमसेन जोशी कर्नाटकातील गदगकडचे. एका शीर्षाखाली आल्याने ही मंडळी एका कुळाची ठरत नाहीत. जात वा कुळ हा यादीच्या वर्गीकरणाचा आधार होऊ नये, याचे कारण केवळ औचित्याचे नाही. तो आधार वस्तुस्थितीलाच धरून नाही.

व्यवसायानुसार गट पाडणे त्या मानाने निरुपद्रवी वाटते, परंतु तेही फार काळ टिकत नाही. शरद जोशी या नावाचे उदाहरण येथे पुरेसे बोलके आहे. एक हिंदी व्यंग्यकार (१९३१–१९९१), दुसरे शेतकरी संघटनेचे संस्थापक (१९३५–२०१५). कंसात ‘लेखक’ एवढेच लिहिले तर भेद स्पष्ट होत नाही, कारण दुसऱ्यांनीही मराठीत विपुल लेखन केले आहे. वडिलांचे नाव जोडून ‘शरद अनंतराव जोशी’ असे लिहिण्याची मराठी रीत एकाची ओळख पटविते; हिंदी भाषकांत ती रीत रूढ नसल्याने दुसऱ्यांची अडचण तशीच राहते. अशा ठिकाणी ‘हिंदी व्यंग्यकार’ आणि ‘शेतकरी नेते’ ही विशेषणे, सोबत जन्म-मृत्यूची वर्षे, एवढे दिले म्हणजे भागते. संदिग्धता न फेडता जोडलेला दुवा वाचकाला शेती-प्रश्नावरून थेट हिंदी व्यंग्याकडे नेतो, आणि दुवा निळा दिसत असल्याने ही चूक वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही.

तेव्हा नावाच्या वर्णक्रमाने केलेली साधी यादीच अधिक उपयुक्त ठरते. मात्र नाव कोणते धरावयाचे? आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे नाव यमुना. शोध मात्र ‘आनंदीबाई’ या नावानेच होणार. चिंतामण विनायक जोशी वाचकांना ‘चिं. वि.’ म्हणूनच ठाऊक आहेत. मुंबईकर ‘ना. म. जोशी मार्ग’ अशी पाटी रोज वाचतात. कामगार चळवळीतील नारायण मल्हार जोशी यांचे पूर्ण नाव त्यांपैकी कितीजण सांगू शकतील? आद्याक्षरांची अशी रूपे, तसेच ‘जोषी’सारखे लेखनभेद, पुनर्निर्देशनाने मूळ लेखाशी जोडावेत आणि यादीत प्रत्येक व्यक्तीची नोंद एकदाच ठेवावी.