‘आर्तुरो उई’ : शीर्षकातील एका विशेषणाचा प्रश्न

बेर्टोल्ट ब्रेख्तने ‘आर्तुरो उईचा रोखता येण्याजोगा उदय’ हे नाटक १९४१ साली, फिनलंडमधील निर्वासितावस्थेत लिहिले. ते रंगभूमीवर आले १९५८ साली, ब्रेख्तच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. शिकागोतील एका गुंडाच्या कथेतून हिटलरच्या सत्तारोहणाचे रूपक ते उभे करते. जर्मनमध्ये रुळलेले विशेषण ‘अनिवार’ ह्या अर्थाचे आहे. ब्रेख्तने त्यातील नकार काढून टाकला. फॅसिझमचा उदय अटळ नव्हता, हा त्यामागील सिद्धान्त होय. नाटकाची संहिता तो सिद्ध करते काय, हे तपासणे अगत्याचे आहे.

रूपकाची योजना काटेकोर आहे. फुलकोबीच्या व्यापारातील मक्तेदार म्हणजे उद्योगपती व जमीनदार. देणगीच्या मोहात अडकलेला वृद्ध डॉग्जबरो म्हणजे हिंडेनबुर्ग. गोदामाची आग म्हणजे १९३३ मधील राइशस्टागची आग. सिसरो शहर म्हणजे १९३८ मध्ये गिळंकृत झालेला ऑस्ट्रिया. पुढील शहरांची नावे उच्चारणाऱ्या उईपाशी नाटक थांबते. महायुद्धाचा मार्ग तेथून स्पष्ट दिसतो.

परंतु ह्या जगात उईला रोखू शकेल अशी संघटित शक्तीच नाही. सिसरोचा डलफीट तडजोड करतो आणि मारला जातो. भाजीविक्रेते हात वर करतात ते बंदुकीच्या धाकाने. इतिहास ह्याहून अधिक अवघड आहे. जुलै १९३२ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला ३७.३ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी ३७ लाख मते पडली. रस्त्यावरील हिंसाचार जमेस धरूनही ह्या संमतीचा उलगडा केवळ दहशतीने होत नाही. नोव्हेंबरमध्ये हेच प्रमाण ३३.१ टक्क्यांवर घसरले. समाजवादी लोकशाहीवादी आणि कम्युनिस्ट ह्यांची एकत्रित मते त्याहून अधिक होती. शीर्षकातील विशेषणाचा सबळ पुरावा हाच. मात्र हे दोन पक्ष परस्परांशीच झुंजत राहिले. ह्या फुटीला नाटकात जागा नाही. कम्युनिस्टांना जवळच्या असलेल्या ब्रेख्तचे हे मौन अर्थपूर्ण आहे.

१९६२ मध्ये अडोर्नोने ह्या नाटकावर आक्षेप घेतला तो असा, की गुंडटोळीच्या विनोदात फॅसिझमची खरी भीषणता विरून जाते. आक्षेप रास्त असला, तरी तो एका प्रवेशाला लागू पडत नाही. एक जुना नट उईला चालणे, उभे राहणे, बसणे आणि बोलणे शिकवतो. बोलण्याचा पाठ असतो शेक्सपिअरच्या अँटनीचे भाषण. येथे हसू येते आणि लगेच आवरते. लोकनेत्याचे वलय प्रसादासारखे लाभत नाही. ते तालमीतून घडते आणि त्याची सामग्री आपण अभिजात म्हणून शिकवतो त्या वाङ्मयातूनच येते, हे तेथे प्रत्यक्ष दिसते. जे घडवलेले आहे ते उकलताही येते. विशेषणाचा दावा ह्या प्रवेशात कलादृष्ट्या सिद्ध होतो. कथानकात तो केवळ घोषित राहतो.

म्हणून हे नाटक शिकवताना रूपकाची कोडी सोडवून थांबणे पुरेसे ठरणार नाही. रंगमंचावर न आलेले ते १ कोटी ३७ लाख मतदार कोण होते, हा प्रश्न संहितेबाहेरचा मानला, तर ‘रोखता येण्याजोगा’ हे विशेषण केवळ दिलासा म्हणून उरेल.