मागच्या सीटचा रकाना

सांगलीकडे ‘किती देते?’ हा प्रश्न दोघींविषयीच विचारतात. एक म्हैस आणि दुसरी मोटार. त्यातही म्हशीचं बरं असतं. विचारणारा निदान तिच्या पाठीवरून हात फिरवतो, पेंड कुठली घालता म्हणून चौकशी करतो. मोटारीच्या नशिबी तेवढंही नाही. नवी गाडी दारात उभी असते, हारातला झेंडू अजून ताजा असतो, आणि शेजारचे गृहस्थ पेढा गालात ठेवून विचारतात, “अ‍ॅव्हरेज काय?” आत माणसं कशी बसतात, आवाज किती येतो, चढाला धापा टाकते का, हे प्रश्न आपल्याकडे बहुतेक असभ्य समजले जात असावेत.

याला इतिहास आहे. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव भडकले, तेव्हा ज्यांच्या दारी मोटार होती त्यांच्याकडे ती बहुधा अँबॅसडर नाहीतर फियाट असे. अँबॅसडर म्हणजे चालता वाडाच. मागच्या सीटवर मांडी घालून पानाचा डबा उघडता यायचा. वजन अकराशे किलोंच्या वर, आणि पेट्रोलही ती वाड्याच्या इतमामानंच प्यायची. मग १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास, इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सी.सी. ही पोर कमी पिऊन जास्त पळायची, आणि वर अँबॅसडरपेक्षा कमी बोलायची! तिथंच आपली समजूत झाली, की बचत, शांतता आणि पिकअप या तिन्ही गोष्टी एकाच हुंड्यात येतात. खरं म्हणजे शांतता होती नव्या बनावटीच्या इंजिनाची आणि बचत होती मुख्यतः हलक्या अंगाची. याहून जास्त शांतता हवी तर दारांत, पायांखाली आवाज गिळणारे थर घालावे लागतात. थर आले की वजन आलं, वजन आलं की पेट्रोल आलं. उलट टायर अरुंद घेतले, हवा टणक भरली, की किलोमीटर वाढतात. मग रस्त्यातला प्रत्येक खड्डा मणक्याशी नाव घेऊन बोलतो.

आमचे दाजी सांगलीचे. ऊसवाले. मनानं उदार माणूस. जेवायला गेलात तर तिसरी पोळी नको म्हणायची सोय नाही. पण गाडीत बसले की दाजी वेगळे. त्यांची एक वही आहे: तारीख, लिटर, किलोमीटर. चाळीसच्या वेगाला ते पाचवा गियर टाकतात. गाडी थंडी वाजल्यासारखी थरथरते. दाजी म्हणतात, “होईल सवय.”

मे महिन्यात त्यांच्याबरोबर साताऱ्याहून सांगलीला गेलो. सव्वाशे किलोमीटर.

“दाजी, ए.सी. लावा की.”

“लावू की. कराड जाऊ दे.”

कराड गेलं. “आता पेठ नाका येऊ दे.” पेठ नाक्यावर वळलो तर म्हणाले, “आता कशाला? सांगली आलीच की!”

इथवर विनोद आहे. गेल्या सप्टेंबरात कासची फुलं बघून यवतेश्वरचा घाट उतरताना त्यांनी चक्क किल्ली फिरवून इंजिनच बंद केलं. त्या गाडीत एवढी शांतता मी पहिल्यांदाच अनुभवली. ब्रेकला जोर पुरवणारी यंत्रणा इंजिनाच्या जिवावर असते. इंजिन गप्प झालं की दोन-चार वेळा दाबेपर्यंत तो जोर पुरतो, मग पेडल दगड होतं. स्टिअरिंगही जड होतं. मागे दाजींच्या आई खिडकीवरची कडी धरून बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढं. त्या म्हणाल्या, “काय रं, पेट्रोल संपलं का काय?” मी इंजिन चालू करायला लावलं आणि उतार संपेपर्यंत बोललो नाही. गंमत अशी, की आजकालच्या गाड्यांत गियर तसाच ठेवून पाय उचलला, की उताराला इंजिन स्वतःच पेट्रोल तोडतं. वाचवायला तिथं काही शिल्लकच नव्हतं. म्हातारीचा जीव तेवढा खर्ची पडत होता.

बचतीशी माझं वैर नाही. पण दाजींच्या वहीत मागच्या सीटचा रकानाच नाही. अ‍ॅव्हरेज काढतो पुढं बसलेला, आणि ते भरतो मागं बसलेला. अक्काची कंबर, म्हातारीची छाती, पोरांची उलटी यांची लिटरमागे नोंद कुठं करायची? सातारा-सांगली जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर धरा. दहा देणारी गाडी पंधरा देऊ लागली तर आठ लिटरच्या वर पेट्रोल वाचतं. विसाचे पंचवीस झाले तर फक्त अडीच लिटर. पाच दोन्हीकडे सारखेच दिसतात, पण वर जावं तसा त्या पाचांचा दम उतरत जातो. ए.सी.नं बहुधा एवढाही फरक पडत नाही.

आणि जाहिरातीतला आकडा? तो पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत, गाडी रोलरवर पळवून काढलेला. ना खड्डा, ना उसाची ट्रॉली, वेग नव्वदच्या आत आणि ए.सी. बंद. पुण्यात चाचणी म्हटल्यावर ए.सी. बंद असणारच, त्याबद्दल तक्रार नाही.

त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. त्यात लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण तृतीयांशानं कमी. म्हणजे दाजींचा ऊस कारखान्याला जातो आणि तोच दाजींच्या टाकीत येऊन त्यांचं अ‍ॅव्हरेज पाडतो. दाजी मेकॅनिकला बोल लावतात.

परवा नवी गाडी बघायला आम्ही सांगलीत एका शोरूममध्ये गेलो. दाजींनी खिशातून वही काढली. तोवर अक्का मागचं दार उघडून आत बसली, पाय लांब करून बघितले, सासूबाईंना शेजारी घेतलं आणि दार ओढून घेतलं. मग काच खाली करून सेल्समनला म्हणाली, “आता इंजिन चालू करा, आणि पाच मिनिटं कुणी बोलू नका.”