परिमाणांतराचे प्रामाण्य : ग्रीक द्राख्मा आणि तुमसरची खंडी

प्राचीन ग्रीक वजनांचे ग्रॅम-किलोग्रॅममध्ये रूपांतर करणारी कोष्टके ग्रंथांच्या अखेरीस जोडण्याचा प्रघात आहे. मात्र त्यांच्या प्रामाण्याचा विचार क्वचितच होतो. ६ ओबोलांचा १ द्राख्मा, १०० द्राख्मांची १ मिना व ६० मिनांचा १ टॅलंट, ही गुणोत्तरे सर्वमान्य आहेत. परंतु गुणोत्तर स्थिर असले म्हणजे मूळ एककही स्थिर असते, असे नव्हे. अथेन्सचा द्राख्मा सुमारे ४.३ ग्रॅम भरतो, तर ईजिनाचा सुमारे ६ ग्रॅम. केवळ 'द्राख्मा' हा शब्द पाहून ४.३ ने गुणणारा अभ्यासक गणितात चुकत नाही. तो वाचनात चुकतो.

हा दोष जाणण्यास ग्रीसपर्यंत जाण्याचे कारण नाही. भंडारा जिल्ह्यातील तुमसर ही धानाची जुनी बाजारपेठ. त्या भागात धानाचा व्यवहार खंडी, कुडो, पायली या परिमाणांनी होत असे. ही मापे होत, वजने नव्हेत. एकाच मापात एकदा धान व एकदा तांदूळ भरल्यास तांदळाचे वजन अधिक भरते. उलट मुंबईची खंडी ही वजनाची : २८ पौंडांचा मण, २० मणांची खंडी, म्हणजे ५६० पौंड अथवा सुमारे २५४ किलोग्रॅम. हा आकडा तुमसरच्या खंडीस लावल्यास शेतकऱ्याचे पीक किती, त्याने सावकारास दिले किती व घरी उरले किती, यांविषयीचे सर्व निष्कर्ष निराधार ठरतात. मणाचीही तीच गत आहे. ८० तोळ्यांच्या शेराने ४० शेरांचा मण ३७.३२ किलोग्रॅम होतो. मुंबईचा मण अवघा १२.७ किलोग्रॅम. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या जुन्या आकड्यांतील इंग्रजी टनदेखील १,०१६ किलोग्रॅमचा होय, १,००० चा नव्हे.

दुसरा दोष खोट्या सूक्ष्मतेचा. तोळा म्हणजे ११.६६३८ ग्रॅम, ही सूक्ष्मता कायद्याने निश्चित केलेल्या प्रमाणातून आलेली आहे. १९५६ च्या अधिनियमानंतर दशमान पद्धतीकडे वळताना तिचा उपयोग झाला. द्राख्म्याचे वजन मात्र मुख्यतः झिजलेल्या नाण्यांवरून अनुमानिलेले आहे. 'सुमारे ४.३' या अनुमानावरून टॅलंट 'सुमारे २६ किलोग्रॅम' एवढेच म्हणता येते. तो २५,८६० ग्रॅम लिहिणे म्हणजे अज्ञानास अचूकतेचा वेष चढविणे होय.

या बाबतीत नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताचा लेख अनुकरणीय आहे. दानाच्या ७०,००० कार्षापणांची किंमत २,००० सुवर्ण सांगताना, ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण, हा दर लेखकाने तेथेच नमूद केला. हे मूल्याचे परिमाणांतर आहे, वजनाचे नव्हे. परंतु आधार सांगण्याची शिस्त तीच. कोणत्या स्थळाचे, कोणत्या काळाचे व कोणत्या वस्तूचे परिमाण, हे ज्या कोष्टकात सांगितलेले नाही, ते संशोधनाचे साधन ठरू शकत नाही.