नगर, लेखन आणि संस्कृतीचा निकष

मानवी संस्कृतीच्या इतिहासात नगरांचे कार्य कोणते, या प्रश्नाच्या चर्चेत व्ही. गॉर्डन चाइल्ड यांचा १९५० साली प्रसिद्ध झालेला ‘नागरी क्रांती’ हा निबंध आजही आधारभूत ठरतो. आद्य नगरांची दहा लक्षणे त्यात सांगितली असून लेखनकला हे त्यांपैकी एक होय. शेतीचे शिलकी उत्पन्न नगरात एकवटले, त्याची नोंद ठेवणे भाग पडले, नोंदीतून लिपी आली आणि लिपीच्या बळावर गणित, भूमिती व ज्योतिष ही शास्त्रे उभी राहिली, अशी ही कारणपरंपरा आहे.

दक्षिण इराकमधील उरुकपुरती ती बऱ्याच अंशी खरी आहे. तेथील इ. स. पूर्व ३३०० ते ३००० या सुमाराच्या मातीच्या पाट्यांपैकी बहुतेक धान्य, गुरे व मजूर यांच्या जमाखर्चाच्याच आहेत. उरलेल्या पाट्यांवर मात्र शब्दांच्या याद्या आढळतात. व्यवसाय, प्राणी, भांडी, नगरे यांची नावे त्यांत वर्गवार मांडलेली आहेत. व्यवसायांची यादी तर पुढे शेकडो वर्षे लेखनिक उतरवीत राहिले. हिशेब आणि शास्त्र यांच्या दरम्यान भाषेचेच वर्गीकरण घडले होते, असा याचा अर्थ होतो. चाइल्ड यांच्या कारणपरंपरेत या पायरीला स्थान नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. पंधराव्या शतकात कुझको येथून इंका राज्यकर्त्यांनी विस्तीर्ण प्रदेशाचा कारभार चालविला, तो दोऱ्यांच्या गाठींत दशमान पद्धतीने संख्या नोंदवून. नगर होते, शिलकी उत्पन्न होते, हिशेबही होता. उरुकसारखी लिपी मात्र नव्हती. तेव्हा हिशेबाची निकड लिपीला जन्म देतेच, असे म्हणता येत नाही. आणि लिपीचा अभाव हा नगराचा अभावही ठरत नाही.

या प्रश्नाला भाषिक अंगही आहे. संस्कृत काव्यशास्त्राने ‘ग्राम्य’ता हा दोष मानला; युरोपीय भाषांतील ‘सिव्हिलायझेशन’ हा शब्दही नागरिकवाचक लॅटिन शब्दापासून घडला. नगराने आपल्या श्रेष्ठत्वाचा निवाडा असा शब्दांतच करून ठेवला आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने तो पुरावा म्हणून तपासावा, निकष म्हणून स्वीकारू नये. अन्यथा ज्यांच्या धान्यावर नगरे जगली, ते निरक्षर समाज संस्कृतीच्या इतिहासातून वगळले जातील.