‘स्वयम्’ : न विचारलेल्या शंका

९ जुलै २०१७ रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ अभ्यासक्रमांचे व्हिडिओ व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी व चर्चामंच असे चार भाग आहेत. पहिल्या तिहींची आखणी समाधानकारक आहे. उणीव चौथ्यात जाणवते. उर्दू वा मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजीत शंका लिहिण्यास कचरतो, आणि न विचारलेल्या शंकेची नोंद कोठेच होत नाही. वर्गात अध्यापक निदान चेहरा तरी वाचतो! विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय या मार्गाने घेण्यास मुभा दिली. महाविद्यालयाने मार्गदर्शक अध्यापक नेमावा, असेही त्यांत आहे. ही नेमणूक नोंदणीचे अर्ज भरून घेण्यापुरती राहिल्यास व्यर्थ होय. विद्यार्थ्याच्या भाषेत शंका ऐकण्यासाठी त्या अध्यापकाच्या वेळापत्रकात आठवड्याला एक तास राखून ठेवणे आवश्यक आहे.