साक्ष कोणाची, निवड कोणाची?

‘हा तर अहवाल झाला, यात कला कुठे आहे?’ हा दलित साहित्यावरचा आक्षेप आपल्या चांगल्याच परिचयाचा आहे. ज्यांच्या जगण्याची नोंदच कोणी घेतली नाही, त्यांना अहवाल लिहायलाही बंदी असावी, असा त्याचा अर्थ होतो. अॅना डेव्हियर स्मिथ या कृष्णवर्णीय अमेरिकन नाटककर्तीचे ‘नोट्स फ्रॉम द फील्ड’ पाहताना हा आक्षेप मला वारंवार आठवत होता. नाटकाचा पहिला अवतार २०१५ साली कॅलिफोर्नियात बर्कलीला झाला. मी पाहिले ते २०१८ साली एचबीओने केलेले त्याचे चित्रपटरूप.

स्मिथबाईंची रीत साधी आणि कठीण आहे. विद्यार्थी, शिक्षक, मुख्याध्यापिका, न्यायाधीश, तुरुंगवास भोगलेले तरुण अशा सुमारे २५० जणांच्या मुलाखती त्यांनी घेतल्या. त्यांतल्या मोजक्यांचे बोलणे अडखळण्यासकट, अर्धवट सोडलेल्या वाक्यांसकट त्या स्वतः रंगमंचावर बोलतात. सगळी माणसे एकटीच बाई उभी करते. विषय एकच: गरीब, काळी, तपकिरी, आदिवासी मुले शाळेतून तुरुंगात कशी पोचतात.

ऑक्टोबर २०१५ मध्ये साउथ कॅरोलायनातील एका शाळेत, भर वर्गात, शाळेवर नेमलेल्या पोलिसाने एका काळ्या मुलीला बाकासकट उलथवून फरफटत नेले. तिच्यासाठी ओरडणाऱ्या वर्गमैत्रिणीलाही अटक झाली. नाटकात ही मैत्रीण बोलते. तिच्या बोलण्यात ‘विद्रोह’ हा शब्द नाही, घोषणा नाही. वर्गात बाकीचे गप्प का होते, एवढेच तिला कळत नाही. आपल्याकडे पाण्याच्या माठाजवळ गेलेल्या पोराला मार बसतो तेव्हाही वर्ग गप्पच असतो. ज्यांना हा केवळ अहवाल वाटेल त्यांनी खुशाल म्हणावे.

पण या नाटकाची केवळ आरती करणे मला पटत नाही. २५० तोंडांतून कोणती निवडायची, कोणते वाक्य कुठे तोडायचे, हा अधिकार एकटीचा आहे. ‘मी फक्त त्यांचेच शब्द बोलते’ असे म्हटल्याने तो अधिकार नाहीसा होत नाही. शिवाय शाळेविषयीच्या या नाटकात शिकवणे फार थोडे दिसते. पोलीस दिसतो, न्यायालय दिसते; फळ्यासमोरचा तास दिसत नाही. मास्तरकी केलेल्या कोणालाही ही उणीव टोचेल.

ती उणीव निलाजा सन या नटीच्या ‘नो चाइल्ड...’ (२००६) या एकपात्री नाटकाने आधीच भरून काढली होती. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक शाळांत नाटक शिकवण्याचा बाईंचा अनुभव त्याच्या मुळाशी आहे. ब्राँक्समधली एक शाळा, दाराशी धातुशोधक यंत्र, आणि कशालाच दाद न देणारा दहावीचा वर्ग. तो वर्ग बसवतो कैद्यांनी बसवलेल्या नाटकावरचे नाटक! निवेदक कोण, तर शाळेचा झाडूवाला. शाळेचा इतिहास त्याच्याइतका कोणाला ठाऊक असणार? हे दस्तऐवजी नाटक नाही, पात्रे रचलेली आहेत. तरी वर्गाचे सत्य मला इथे अधिक सापडले.

शिक्षण रंगमंचावर आणण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ १८५५ मध्ये लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले, आणि छापून यायला १९७९ साल उजाडले. मराठी रंगभूमीच्या इतिहासकारांना त्याची आठवणही फार उशिरा झाली, हे ओघाने आलेच. त्यातले अडाणी कुणबी जोडपे शेवटी जोतीरावांच्या रात्रशाळेची वाट धरते. म्हणजे नाटक संपताना प्रेक्षकाला जाण्याचे ठिकाण मिळते.

स्मिथबाईंनी हे ठिकाण वेगळ्या रीतीने शोधले होते. बर्कलीत आणि पुढे २०१६ मध्ये केंब्रिजला मध्येच प्रयोग थांबे, प्रेक्षकांचे लहान लहान गट पाडले जात आणि ‘तुम्ही काय करणार?’ यावर त्यांना बोलावे लागे. तिकीट परवडणाऱ्या वर्गाला दुसऱ्याच्या वेदनेवर हळहळून घरी जाता येऊ नये, म्हणून केलेली ही कोंडी मला सबंध उपक्रमातली सर्वांत धीट गोष्ट वाटते. चित्रपटात ती नाही. तिथे एकामागून एक माणसे येतात, बोलतात, अभिनय थक्क करतो, आणि पाहणाऱ्याला कोणी काही विचारत नाही.