अॅनिमेशनमधील निर्यात-स्वरूपाची निवड : एक चिकित्सा

प्रस्तावना :
अॅनिमेशनच्या अध्यापनात कथा, पात्ररचना व गती यांची चर्चा विस्ताराने होते. तयार कृती कोणत्या फाइल-स्वरूपात बाहेर काढावयाची, हा प्रश्न मात्र तांत्रिक बाब म्हणून शेवटच्या तासाला उरकला जातो. वस्तुतः कृतीतील काय टिकेल व काय गळेल, हे याच टप्प्यावर ठरते. या दुर्लक्षाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

विवेचन :
2000 च्या दशकात फ्लॅशमधील कृती एसडब्ल्यूएफ स्वरूपात प्रकाशित होत. रेषा व आकार गणिती रूपात साठविले जात असल्याने फाइल लहान राही. संथ इंटरनेटच्या काळात ती निवड योग्यच होती. परंतु 31 डिसेंबर 2020 रोजी अडोबीने फ्लॅश प्लेयरचा आधार थांबविला. आज रफलसारख्या प्रणालीमुळे अशा काही कृती पाहता येतात. तथापि ज्या विद्यार्थ्याने केवळ एसडब्ल्यूएफ फाइल जमा केली आणि संपादनयोग्य एफएलए फाइल जपली नाही, त्याला स्वतःच्याच कृतीत दुरुस्ती करणे दुरापास्त झाले आहे.

एमपी4 बाबत आज तीच चूक होत आहे. 1920×1080 आकाराची एक रंगीत चौकट संकोचनाविना सुमारे 62 लाख बाइट व्यापते. सेकंदाला 25 चौकटी धरल्यास हा आकडा साडेपंधरा कोटींवर जातो. म्हणून प्रदर्शनासाठी संकोचन अटळ आहे. मात्र एच.264 च्या प्रचलित मांडणीत रंगाचे नमुने प्रकाशमानाच्या एक-चतुर्थांश इतकेच राहतात, त्यामुळे गडद रंगरेषांच्या कडा पुसट होतात. पारदर्शकताही उरत नाही. जीआयएफच्या एका चौकटीत तर 256 रंगांचीच मर्यादा असते.

याउलट पीएनजी चित्रमालिकेत प्रतिमेची हानी होत नाही, पारदर्शकता टिकते आणि वीज गेल्यास उरलेल्या चौकटींपासून काम पुढे नेता येते. तिला जागा अधिक लागते, हा आक्षेप रास्त आहे. तसेच तिच्यात ध्वनी नसतो व गतीची नोंदही नसते. सेकंदाला 24 चौकटींची 10 मिनिटांची कृती 25 च्या गतीने जोडल्यास ती 9 मिनिटे 36 सेकंदांत संपते आणि स्वतंत्र ध्वनीशी तिचा मेळ तुटतो.

निष्कर्ष :
सर्व प्रयोजनांना पुरेसे असे एकच स्वरूप नाही. संपादनासाठी मूळ फाइल, जतनासाठी चित्रमालिका व स्वतंत्र ध्वनी आणि प्रदर्शनासाठी एमपी4, अशी विभागणी आवश्यक ठरते. त्यासोबत चौकट-गती, आकार व सॉफ्टवेअरची आवृत्ती यांची लेखी नोंद असावी. अंतर्गत मूल्यमापनात या निवडीच्या समर्थनासही गुण ठेवावेत. अन्यथा आपण कृतीची छायाप्रत तपासू आणि मूळ कृती मात्र गमावू.